तळहाताएवढा संगणक आणि त्याची व्यवस्था

संगणक दुरुस्तीस नेला म्हणजे दुकानदार म्हणतो, "विंडोज मारून देतो." गिऱ्हाईक पैसे मोजते, संगणक घरी आणते, आणि आत काय मारले, ते कोठून आणले, त्याचा मालक कोण, यांतले काहीच विचारीत नाही. प्रस्तुत लेख या "मारण्या"विषयीच आहे. हे काम दुकानावर न सोपवता आपल्या हाताने कसे करावे, आणि आमच्यासारख्या संघटनेच्या माणसांनी त्यात लक्ष का घालावे, हे व्याख्यानात सांगताना वेळ अपुरा पडला. ते येथे थोड्या विस्ताराने मांडीत आहोत.

प्रथम वस्तूची ओळख. नेहमीच्या संगणकात एक मोठी पेटी असते, आत पंखा, तबकडी, निरनिराळ्या पट्ट्या खोचलेल्या. एकाच बोर्डावरचा संगणक म्हणजे यांतले सारे आवश्यक भाग एटीएमच्या कार्डाएवढ्या एका हिरव्या पट्टीवर बसवलेले. त्यास पेटी नाही, पडदा नाही, कळफलक नाही. पडदा म्हणून घरातला दूरदर्शन संच चालतो. कळफलक व माऊस आपण जोडावयाचा. या जातीतला सर्वांत प्रसिद्ध बोर्ड म्हणजे रास्पबेरी पाय. केंब्रिज विद्यापीठातील एबेन अप्टन व त्यांचे सहकारी यांना असे दिसून आले की, संगणकशास्त्र शिकावयास येणाऱ्या मुलांची संख्या घटत आहे, आणि जी येतात त्यांनी यंत्र नुसते वापरलेले असते, उघडून पाहिलेले नसते. मुलांच्या हाती मोडतोडीची धास्ती न वाटावी असे स्वस्त यंत्र द्यावे म्हणून त्यांनी एक धर्मादाय संस्था काढली, आणि २९ फेब्रुवारी २०१२ रोजी ३५ डॉलरला पहिला बोर्ड विक्रीस आला. पुढे त्याच्या कंपनीचे भाग जून २०२४ मध्ये लंडनच्या शेअर बाजारात गेले. २०२१-२२ च्या सुमारास चिपांची टंचाई पडली तेव्हा कंपनीने उद्योगधंद्यांच्या मागण्या अगोदर पुरवल्या, आणि घरगुती गिऱ्हाइकांना दुकानांतून नकार ऐकावा लागला. सद्‌हेतूने निघालेली वस्तूसुद्धा बाजारात गेली की बाजाराच्या रांगेत उभी राहते. असो. वस्तू चांगली आहे हे खरेच.

या गोष्टी विलायतेत घडतात, आपणांस त्यांचे काय, असे कोणी म्हणेल. परंतु असा प्रयोग महाराष्ट्रात त्याही अगोदर झाला आहे. रायगड जिल्ह्यातील खैराट-धनगरवाडा येथे धनगरांच्या मुलांची एकशिक्षकी शाळा आहे. २००७ साली "दर मुलास एक लॅपटॉप" या आंतरराष्ट्रीय योजनेचा भारतातील पहिला प्रयोग तेथे सुरू झाला. आदल्याच वर्षी केंद्र सरकारच्या शिक्षण खात्याने ही योजना नाकारली होती. तरी एका वाडीत ती पोहोचली. त्या हिरव्या-पांढऱ्या यंत्रात ४३३ मेगाहर्ट्झचा प्रोसेसर, २५६ एमबी स्मरण आणि अवघी १ जीबी साठवण होती. फिरती तबकडी नव्हतीच. एवढ्याशा जागेत चालावी अशी व्यवस्था त्यात बसवली होती: खाली लिनक्स आणि वर मुलांसाठी आखलेले "शुगर" नावाचे रूप. योजना जगभर गाजली तितकी टिकली नाही. किंमत शंभर डॉलरवर आणण्याची घोषणा कधी पुरी झाली नाही, आणि यंत्रे वाटली की शिक्षण आपोआप होईल ही समजूतही पुरी पडली नाही. आमच्या दृष्टीने त्यातला मोलाचा भाग एवढाच की, लहान यंत्रास लहान आणि मोकळी व्यवस्था लागते, आणि ती बसवणारे हात वाडीजवळ असावे लागतात.

आता ही "व्यवस्था", म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीम, आहे तरी काय? ऊसतोडीच्या टोळीत दहा-पंधरा कोयते असतात. फड एक, गाड्या दोन, पाण्याची टाकी एक. कोणी कोणत्या सरीला लागावे, गाडी कोणाची अगोदर भरावी, हे कोणी तरी ठरवावे लागते; नाही तर फडातच भांडण जुंपते. संगणकात हिशेबाचा कार्यक्रम, लिहिण्याचा कार्यक्रम, छपाईचा कार्यक्रम हे एकाच वेळी काम मागत असतात. प्रोसेसर थोडे, स्मरण थोडे, साठवण एक. त्यांची वाटणी करणारा, दर क्षणाच्या अंशात पाळी बदलणारा, एकाच्या जागेत दुसऱ्यास घुसू न देणारा जो मूळ कार्यक्रम, ती ऑपरेटिंग सिस्टीम. तिच्या गाभ्यास "कर्नल" म्हणतात. टोळीच्या मुकादमाशी तिची तुलना येथवरच चालते. कारण हा गाभा उचल देत नाही व कमिशन कापीत नाही.

लिनक्स हा असा एक गाभा. हेलसिंकीचा विद्यार्थी लिनस टोर्व्हाल्ड्स याने तो १९९१ साली लिहावयास घेतला. त्याभोवती लागणारी बरीच हत्यारे अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये जाहीर केलेल्या ग्नू प्रकल्पातून आली. दोहोंचा परवाना असा की कार्यक्रम कोणीही चालवावा, उघडून पाहावा, बदलावा, त्याची प्रत दुसऱ्यास द्यावी. अट इतकीच की, आपण बदललेली प्रत पुढे दिली तर घेणाऱ्यालाही हेच हक्क द्यावेत. गायरानावर सर्वांची गुरे चरावीत पण कोणी कुंपण घालू नये, असा हा करार आहे. १९९३ साली इयन मरडॉक यांनी सुरू केलेला "डेबियन" हा त्याच सामग्रीचा नीट रचलेला संच, आणि रास्पबेरी पाय ओएस ही डेबियनवरच उभारलेली आहे. पूर्वी तिला रास्पबियन म्हणत. २०२० मध्ये नाव बदलले.

येथे एक शंका हटकून येते. हिशेबाचे विकतचे कार्यक्रम, जे विंडोजवर चालतात, ते यावर चालतील काय? सहसा नाही. प्रोसेसरला समजणारी आज्ञांची एक बोली असते. बाजारातील बहुतेक विंडोज संगणकांची बोली इंटेलच्या घराण्याची. या बोर्डाची बोली एआरएम घराण्याची, जी आपल्या खिशातल्या मोबाइलचीही आहे. एका बोलीत रचलेला कार्यक्रम दुसरीत तसाच चालत नाही. पण साध्या खतावणीस लिब्रेऑफिसमधील तक्ते पुरेसे आहेत, आणि ते या बोलीत फुकट मिळतात.

आमच्या कामात हे यंत्र का हवे, तेही सांगतो. आमची वाशी म्हणजे नवी मुंबईची नव्हे. धाराशिव जिल्ह्यातली, जिथून दसरा-दिवाळीनंतर बिऱ्हाडे ऊसतोडीला निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. उचल हंगामाअगोदर हाती येते, आणि नंतर सहा महिने ती टनांनी फेडली जाते. किती टन तोडले, किती खाडे झाले, किती उचल फिटली, याची वही एकाच्याच हाती असते, आणि तो तोडणारा नसतो. जानेवारी २०२४ मध्ये पुण्याच्या बैठकीत तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ ठरली. अशी वाढ ठरली की मागील फरकाचा प्रश्न येतो, आणि फरक त्यालाच मागता येतो ज्याच्याजवळ वजनाच्या पावत्यांची नोंद आहे. पावती कागदाची असते. पालात पावसाने भिजते, चुलीत जाते. म्हणून कामगाराने पावतीचा फोटो पाठवावा, आणि ती नोंद कामगारांच्याच मालकीच्या वहीत चढावी. ही वही कोणाच्या तरी दूरच्या संगणकावर भाड्याने ठेवावी, की आपल्या खोलीतल्या आपल्या यंत्रात, असा प्रश्न होता. आम्ही दुसरी वाट धरली.

आता प्रत्यक्ष कृती. या बोर्डात साठवणीची तबकडी नाही. मोबाइलमध्ये घालतात ते मायक्रो एसडी कार्ड हीच त्याची तबकडी. तेव्हा "सिस्टीम टाकणे" म्हणजे या कार्डावर योग्य रीतीने लिहिणे. कार्ड ३२ जीबीचे, नावाजलेल्या कंपनीचे आणि पावतीसह घ्यावे. बाजारात खोटी कार्डे पुष्कळ आहेत: वर ६४ लिहिलेले, आत ८. असे कार्ड पहिले काही दिवस निमूट चालते, आणि खरी जागा संपली की पुढचे लिहिलेले हरवू लागते. म्हणून नवे कार्ड एकदा काठोकाठ भरून, परत वाचून पाहावे. त्यासाठी फुकट कार्यक्रम मिळतात. यास एखादा तास जातो, पण तो वाया जात नाही.

लिहिण्यासाठी कोणताही दुसरा संगणक दोन तास उसना घ्यावा व त्यात "रास्पबेरी पाय इमेजर" हा कार्यक्रम बसवावा. तो तीन गोष्टी विचारतो: बोर्ड कोणता, सिस्टीम कोणती, लिहावयाचे कोठे. तिसऱ्या प्रश्नाशी थांबावे. दाखवलेल्या यादीत चुकून दुसऱ्याच पेन ड्राइव्हवर बोट पडले तर त्यातले सर्व पुसले जाते. म्हणून अगोदर बाकीचे सारे ड्राइव्ह उपसून ठेवावेत. मग तो यंत्राचे नाव, वापरणाऱ्याचे नाव, परवलीचा शब्द, वायफाय, व वेळेचा पट्टा विचारतो. वेळेच्या पट्ट्यास आशिया-कोलकाता निवडावे. पूर्वी प्रत्येक बोर्डावर "पाय" हा एकच वापरकर्ता आणि सर्वांस ठाऊक असलेला एकच परवलीचा शब्द असे. गावातल्या सगळ्या कुलपांना एकच किल्ली, असा तो प्रकार. एप्रिल २०२२ पासून तो बंद झाला, हे बरे झाले.

मग तो एक जीबीहून मोठी प्रतिमा उतरवून घेतो, कार्डावर लिहितो आणि लिहिलेले परत वाचून ताडून पाहतो. हे ताडणे म्हणजे काय, ते समजून घेण्यासारखे आहे. कोणत्याही संगणकीय मजकुरातून ठरावीक गणिताने एक लांबट आकडा काढता येतो, त्यास "हॅश" म्हणतात. मजकुरात एक मात्रा बदलली तरी आकडा पार बदलतो. मूळ संस्थेने जाहीर केलेला आकडा आणि आपल्या प्रतीतून निघालेला आकडा जुळला, तर वाटेत काही गळले नाही व कोणी काही मिसळले नाही. याची आठवण ठेवावी. पुढे तिचे काम पडेल.

लिहून झाल्यावर तेच कार्ड विंडोजच्या संगणकात पुन्हा घातले की पुष्कळांची गाळण उडते. ३२ जीबीचे कार्ड अर्ध्या जीबीचे दिसू लागते, आणि पडद्यावर विचारणा येते की, कार्ड वाचता येत नाही, फॉरमॅट करू का? "नाही" म्हणावे. कार्डाचे आता दोन भाग झालेले आहेत. पहिला लहान, विंडोजला कळणारा. दुसरा मोठा, लिनक्सच्या पद्धतीचा, जो विंडोजला वाचता येत नाही. आपल्याला मोडी वाचता येत नाही म्हणून कोणी दप्तर जाळीत नाही.

कार्ड बोर्डात घालून वीज दिली म्हणजे आत काय होते? प्रथम चिपमध्ये कायमचा कोरलेला चिमुकला कार्यक्रम जागा होतो. त्यास एवढेच ठाऊक असते की पुढचा कोठे बसतो. पाय ४ व ५ मध्ये हा पुढचा बोर्डावरच्याच एका लहान चिपमध्ये असतो; जुन्या बोर्डांत तो कार्डाच्या पहिल्या भागात असे. तो पहिला भाग उघडतो, त्यातली मांडणीची यादी वाचतो, गाभा स्मरणात आणून ठेवतो आणि कारभार त्याच्या हाती देतो. गाभा मग दुसरा मोठा भाग उघडतो. पहिल्याच वेळी तो भाग पसरून कार्डाची सारी जागा व्यापतो. हिरवा दिवा लुकलुकत असेल तर कार्ड वाचले जात आहे असे समजावे. लाल दिवा लागला पण हिरवा निपचित, तर बोर्डाला दोष न देता अगोदर कार्ड तपासावे.

आणि कार्डही ठीक असेल तर वीज. या बोर्डांच्या निम्म्या तक्रारी विजेच्या असतात असा आमचा अनुभव आहे. पाय ४ ला ५.१ व्होल्ट व ३ अँपिअर लागतात; पाय ५ पूर्ण क्षमतेने चालावयाचा तर ५ अँपिअर. घरातला मोबाइलचा चार्जर, त्यास लांब बारीक वायर, आणि टोकाशी बोर्ड. वायरीतच व्होल्टेज गळते. ते ४.६३ च्या खाली गेले की पडद्यावर विजेच्या कडाडीचे चिन्ह दिसते. ते चिन्ह दिसत असताना लिहिलेल्या नोंदींचा भरवसा धरू नये. याहून मोठा शत्रू म्हणजे अकस्मात वीज जाणे. चैत्र-वैशाखात वळवाचे वारे सुटले की आपल्याकडे तारा तुटतात हे सांगावयास नको. कार्डावर लिहिणे चालू असता वीज गेली तर त्या क्षणीची नोंद अर्धवट राहते, आणि कधी कधी साऱ्या दप्तराची अनुक्रमणिकाच बिघडते. यावर दोन उपाय. एक, मधे लहान बॅटरीची पेटी. दुसरा, कमी माहितीतला: सिस्टीमच्या मांडणीत अशी सोय आहे की कार्डाचा मोठा भाग केवळ वाचण्यापुरता ठेवावा, दिवसभरातले बदल स्मरणात राहतात व वीज गेली की पुसतात. मग वही कार्डावर न ठेवता वेगळ्या ड्राइव्हवर ठेवावयाची. वही लिहिताना वीज गेली तर एखादी नोंद जाईल, पण यंत्र दुसऱ्या दिवशी उभे राहील.

घड्याळाचा मुद्दा फारसा कोणी सांगत नाही; आमच्या कामात मात्र तो सर्वांत महत्त्वाचा ठरला. नेहमीच्या संगणकात बटणाएवढा सेल असतो, त्यावर बंद यंत्राचेही घड्याळ चालू राहते. पाय ४ पर्यंतच्या बोर्डांवर असे घड्याळच नाही. यंत्र सुरू झाले की ते इंटरनेटवरून वेळ विचारून घेते. इंटरनेट नसेल तर शेवटी बंद होताना जी वेळ होती तीच धरून पुढे मोजू लागते. म्हणजे शनिवारी वीज गेली, सोमवारी आली, आणि त्या दिवशी रेंज नाही. तर यंत्राच्या लेखी तो शनिवारच. गाणी ऐकणाऱ्यास याने काही बिघडत नाही. पण ज्या वहीत कोणत्या दिवशी किती टन हाच सारा मुद्दा, तिच्या तारखा दोन दिवसांनी मागे गेल्या तर समोरचा वकील तेवढ्यावर सगळी वही खोटी ठरवील. पाय ५ वर घड्याळ आले आहे, परंतु त्याचा सेल वेगळा विकत घेऊन जोडावा लागतो, आणि तो न जोडणारेच पुष्कळ. जुन्या बोर्डास डीएस ३२३१ नावाच्या चिपेचे घड्याळ चार पिनांवर बसवता येते; मांडणीच्या यादीत एक ओळ वाढवली की गाभा त्यास ओळखतो. ते बसवल्याखेरीज हजेरीची किंवा मजुरीची एक ओळही या यंत्रात लिहू नये.

तारखेवर इतका भर देण्याचे कारण कायद्यात आहे. १ जुलै २०२४ पासून पुराव्याच्या जुन्या कायद्याच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ लागू झाला. त्याच्या कलम ६३ प्रमाणे संगणकातील नोंद न्यायालयात दाखल करताना तिच्यासोबत प्रमाणपत्र द्यावे लागते. यंत्र कोणते, ते नीट चालत होते काय, हे त्यात येते, आणि प्रमाणपत्राच्या नमुन्यात त्या नोंदीचा हॅशही लिहावयाचा असतो. वर ज्या लांबट आकड्याची आठवण ठेवावयास सांगितले तोच हा. आम्ही दर शनिवारी आठवड्याची वही बंद करतो, तिचा हॅश काढतो, आणि तो सभेच्या इतिवृत्ताच्या कागदी वहीत उतरवून खाली तिघांच्या सह्या घेतो. पुढे कोणी म्हणाला की तुम्ही आकडे मागाहून बदलले, तर आकडा पुन्हा काढून सहीशेजारी ठेवता येतो.

मराठीचे काम आता पूर्वीइतके अवघड राहिलेले नाही. भाषा म्हणून मराठी निवडता येते. "लोहित" हे मोकळ्या परवान्याचे देवनागरी टंक डेबियनच्या भांडारात आहेत. लिहिण्यासाठी इन्स्क्रिप्ट कळफलक शिकावा असे आमचे स्पष्ट मत आहे. भारत सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने १९८६ साली तो आखला. डाव्या हाताला स्वर, उजव्या हाताला व्यंजने. इंग्रजी अक्षरांतून मराठी टंकणे पहिल्या दिवशी सोपे वाटते, पण ज्या बाईला इंग्रजी येत नाही तिला ते दार बंदच राहते. आमच्याकडे वही चालवणाऱ्या दोघी चौथी-सातवीपर्यंत शिकलेल्या आहेत, आणि एका महिन्यात इन्स्क्रिप्टवर त्यांची बोटे बसली. जुन्या टंकांतल्या फायली मात्र या यंत्रावर उघडल्या की निरर्थक चिन्हे दिसतात, कारण युनिकोडपूर्वीच्या प्रत्येक टंकाने अक्षरांना आपापले आकडे दिलेले होते. त्या अगोदर युनिकोडमध्ये बदलून घ्याव्यात आणि बदलल्यावर जोडाक्षरे डोळ्यांनी तपासावीत. "दुसऱ्या"चा "दुसर्या" होऊन बसलेला हमखास सापडतो.

शेवटी किल्ल्यांविषयी. लिनक्समध्ये साधा वापरकर्ता आणि सर्वाधिकारी यांच्यात भेद असतो. साध्या वापरकर्त्याने महत्त्वाचा बदल करावयाचा तर आज्ञेपुढे "सुडो" हा शब्द लावून अधिकार मागावा लागतो. आमच्याकडे वही लिहिणाऱ्यांस हा अधिकार नाही, आणि ज्यांस अधिकार आहे ते वही लिहीत नाहीत. संघटनेत खजिनदार व हिशेबतपासनीस एक असू नयेत, त्यातलाच हा नियम. मजुरांचे आधार क्रमांक व बँकेचे खाते या यंत्रात ठेवावयाचेच नाहीत असाही ठराव केला आहे. नाव, गाव, टोळी, तारीख, टन आणि पावतीचा फोटो एवढे पुरते. सिस्टीमच्या सुधारणा महिन्यातून एकदा, इंटरनेट जोडून उतरवून घ्याव्यात. त्यास पैसे पडत नाहीत, आळस मात्र पडतो.

सारी मांडणी मनासारखी झाली म्हणजे यंत्र रीतसर बंद करून कार्डाची हुबेहूब प्रत दुसऱ्या कार्डावर काढावी. हे दुसरे कार्ड त्याच खोलीच्या कपाटात ठेवण्यात अर्थ नाही. आग लागली तर दोन्ही जातील, कुलूप फुटले तरी दोन्ही जातील. आमचे एक कार्ड वाशीत असते. दुसरे, वहीच्या ताज्या प्रतीसह, दर महिन्याला एसटीने जाणाऱ्या एका कार्यकर्तीबरोबर दुसऱ्या गावी जाते आणि मागच्या महिन्याचे परत येते.